गुंजेचा हिशेब

अहमदपूर तालुक्यात तुरीला शेंगा धरू लागल्या म्हणजे शेतकऱ्याची झोप उडते. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव बालाघाटाच्या पठारावर वसलेले आहे. सभोवार कोठे काळी तर कोठे मुरमाड जमीन, मधून मधून वाहणारे ओढे, आणि ओढ्यांच्या काठी बाभळी-बोरींची दाट झुडपे. दिवसा त्या झुडपांत रानडुकरे निजतात आणि रात्री पिकांत उतरतात. डुक्कर खाते थोडे व तुडविते फार. एका कळपाने एका रात्रीत सोयाबीनचे शेत नांगरल्यासारखे करून टाकावे, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. हरणांचे कळप येतात ते निराळेच. त्यांच्यासाठी माळे बांधावे, बुजगावणी उभी करावी, डबे वाजवावे, गोफण फिरवावी. सारे उपाय दोन-चार दिवस चालतात आणि मग जनावरांस त्यांची ओळख पटते.

या तालुक्यात आमच्या एका आप्तांची शेती आहे. घरात सर्वजण त्यांना काका म्हणतात, म्हणून आम्हीही काकाच म्हणू. काकांकडे बारा बोरची दुनळी बंदूक आहे; वडिलांच्या वेळेपासूनची, रीतसर परवान्याची. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी शस्त्र म्हटले म्हणजे दसऱ्याच्या पूजेत मांडलेली विळी, अडकित्ता आणि कात्री! काकांची बंदूकही पुष्कळ वर्षे पूजेपुरतीच खुंटीवरून खाली येत असे. काही वर्षांमागे डुकरांचा उपद्रव असह्य झाला, तेव्हा त्यांनी वनखात्याकडे अर्ज करून रीतसर परवानगी मिळविली आणि एका रात्री ते माळ्यावर जाऊन बसले.

पहाटेच्या सुमारास कळप आला. काकांनी बार टाकला. डुक्कर कोसळले, पण लगेच उठून ओढ्याकडे पळाले. सकाळी तुरीच्या ताटांवर रक्ताचे शिंतोडे दिसले. जनावर मात्र कोठेच दिसेना. चौथ्या दिवशी वास आला तेव्हा ते सापडले. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. काकांनी बंदूक पुसून खुंटीला लावली आणि पुन्हा तिचा विषय काढला नाही.

घरातील पुतण्या तेव्हा महाविद्यालयात होता. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात त्याने ०.२२ इंची रायफल हाताळली होती आणि त्याला नेमबाजीचा नाद लागला होता. दिवाळीला घरी आला असता त्याने हा वृत्तांत ऐकला व विचारले, “काका, तुम्ही या बंदुकीने कागदावर कधी मारून पाहिले होते का?”

“अरे, कागद का पीक खातो?” काका म्हणाले.

“तसे नव्हे. कोणत्या काडतुसाने छर्रे किती पसरतात, ते पाहिले होते का?”

काकांनी काडतुसांचा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यात तीन निरनिराळ्या पाकिटांतील काडतुसे मिसळलेली होती. काही अलीकडची, काही पुष्कळ जुनी. डबा कित्येक वर्षे चुलीमागच्या कोनाड्यात राहिलेला. परवाना होता, परवानगी होती, नेमही वाईट नव्हता. पण बंदुकीत आपण काय घालीत आहोत, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. या एका प्रश्नाच्या मागे लागून आम्ही जे वाचले आणि त्या मुलाकडून जे शिकलो, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

काडतुसाची अंगे चार. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, टोपी दारूला पेटविते आणि दारूचा वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. नळीला आतून पिळाचे आटे असतात; त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते व सरळ राहते. ‘रायफल’ हे नाव या आट्यांवरूनच पडले. आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेल्या ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि गोळी प्रत्येक वेळी हातानेच भरीत. तयार काडतूस आले, तेव्हा हाताने भरण्याची कला मागे पडेल असे कोणासही वाटले असते. पण घडले ते उलट.

याचे कारण अमेरिकेतील शेतकरी. तेथे कुरणांतून बिळे खणणारे, सशाहून थोडे लहानमोठे प्राणी पिकांचा आणि गुरांच्या पायांचा नाश करीत. दोनशे पावलांवर बिळातून वर आलेले डोके, एवढेच लक्ष्य. तेवढ्यासाठी मोठी रायफल वापरणे व्यर्थ. आवाज फार, धक्का फार, आणि खडकावरून उसळलेली जड गोळी शेजाऱ्याच्या घरापर्यंत जाण्याची भीती. म्हणून १९२० नंतरच्या दशकात स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रागारातील टाउन्सेंड व्हीलेन प्रभृती अधिकाऱ्यांनी ०.२२ इंच व्यासाच्या पण वेगवान अशा काडतुसावर प्रयोग केले. १९३० साली विंचेस्टर कंपनीने ते ‘हॉर्नेट’ म्हणजे गांधीलमाशी या नावाने बाजारात आणले. १९५० साली ‘०.२२२ रेमिंग्टन’ आले. त्याने अचूकतेच्या स्पर्धांत कित्येक वर्षे इतरांस पुढे जाऊ दिले नाही. याच कुळातून पुढे ५.५६ मिलिमीटरचे लष्करी काडतूस निघाले. आपल्या सैन्याची इन्सास रायफल त्याच मापाची. शेतातल्या उपद्रवी प्राण्यांपासून सुरू झालेली वाट कोठवर गेली, हे पाहून मौज वाटते.

या रायफली वापरणारे लोक काडतुसे घरीच भरू लागले. कारखान्याचे काडतूस सर्वांच्या रायफलींसाठी बेतलेले असते. त्यांना हवे होते आपल्या एकट्या रायफलीसाठी. दोन बहिणींना एकाच मापाच्या बांगड्या दिल्या तरी एकीच्या हातात त्या सैल होतात. तसेच एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन रायफलींचे असते.

येथे गुंजेचा हिशेब सुरू होतो. दारू व गोळी ‘ग्रेन’ या इंग्रजी वजनाने तोलतात. आपल्या जुन्या सोनारी तोळ्यात १८० ग्रेन, तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जड. हॉर्नेटची ४५ ग्रेनांची गोळी बरोबर तीन मासे भरते. तिच्यामागची दारू पाच-सहा गुंजांच्या आसपास. एवढ्याशा दारूवर ती गोळी सेकंदाला सातशे-आठशे मीटर वेगाने जाते. दारू भरणारा तिचे वजन ग्रेनाच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो, म्हणजे गुंजेचे सुमारे एकोणीस भाग करून त्यांतील एक. आमच्या सोनाराला हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “मग त्यांच्या घरी पंखा नसावा!” त्याचे म्हणणे अगदी खरे आहे, तोलताना पंखा बंदच ठेवतात.

तरीही केवळ दारू तोलून काम भागत नाही. एकदा उडालेली पितळी नळकांडी त्या रायफलीच्या आतल्या आकाराएवढी फुगते. तिला साच्यात दाबून पुन्हा मापात आणावे लागते. दर वेळी ती थोडी लांबते, म्हणून कातरावी लागते. पितळ वारंवार दाबले गेले की कडक होऊन तडकते. तेव्हा तिचे तोंड बेताने तापवून मऊ करावे लागते. गोळी किती खोल बसवावयाची हाही मोठा प्रश्न. तिचे टोक आट्यांपासून अर्धा मिलिमीटर दूर ठेवले तर एक फळ, आट्यांस टेकविले तर दुसरे. आणि टेकविल्यास आतला दाब वाढतो, हे विसरले तर प्राणाशी गाठ. निराळी दारू चुकून भरली गेली, तर नळी फुटून भरणाऱ्याचेच डोळे जातात. म्हणून जाणते लोक मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात, तिचे प्रमाण तळापासून हळूहळू वाढवितात आणि छापील मर्यादेपुढे कधीही जात नाहीत.

आता आमच्या मते या साऱ्या विद्येचे जे मर्म, त्याकडे वळतो. काडतूस चांगले की वाईट हे ठरवावयाचे कसे? रायफल बाकावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एकाच लक्ष्यावर ओळीने गोळ्या मारतात. कागदावर छिद्रांचा जो घोस उमटतो, त्यातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर मोजतात. घोस मधोमध पडला की नाही, याला महत्त्व नाही; ती माशी सरकविण्याची गोष्ट आहे. घोस लहान असणे महत्त्वाचे. मग दारू थोडी वाढवावयाची व पुन्हा घोस काढावयाचा. बाकी सर्व तसेच ठेवून एका वेळी एकच फेर करावयाचा. आमच्या घरी चकलीची भाजणी बिघडली तर कोणी उडीद वाढवितो, कोणी तांदूळ कमी करतो, कोणी मोहन बदलतो, आणि पुढल्या वेळी चकली साधली तरी कशाने साधली हे कोणालाच कळत नाही. तेच येथेही होते.

पण एकच फेर करूनही मनुष्य फसतो. कारण तो तीन गोळ्या मारतो, तिन्ही जवळजवळ पडतात, आणि हर्षभराने तो वहीत लिहितो, ‘सापडले!’ गणिताचे म्हणणे असे की, त्याच रायफलीने, त्याच काडतुसांनी दहा गोळ्या मारल्या तर घोस सरासरीने तीन गोळ्यांच्या घोसाच्या दीडपटीहून अधिक मोठा येतो. रायफल बिघडलेली नसते. तीन गोळ्यांनी तिचा पुरता स्वभाव प्रकट झालेला नसतो इतकेच. शिवाय दहा निरनिराळ्या प्रमाणांचे तीन-तीन गोळ्यांचे घोस काढले, तर त्यांतील एखादा केवळ दैवयोगाने लहान येणारच, आणि भोळा मनुष्य त्यालाच सिद्ध प्रमाण समजतो. नळी ताणलेल्या तारेप्रमाणे थरथरते आणि दारूचे ठराविक प्रमाण तिला सुरात आणते, असा एक समज या मंडळींत रूढ आहे. नळी थरथरते हे खरे. पण असा सापडलेला सूर दुसऱ्या दिवशी वीस गोळ्यांनी पारखावयाचा झाला की पुष्कळदा नाहीसा होतो, हेही खरे. याहून वाईट खोड म्हणजे चार गोळ्या एकत्र पडल्या व पाचवी दूर गेली, तर ‘ती माझ्या हाताची चूक’ म्हणून तिला हिशेबातून वगळणे. चूक हाताची असेलही. परंतु शेतात त्या पाचव्या गोळीपुढे जनावर असते, आणि जनावराच्या मागे कोणाचे तरी घर.

आपल्या देशात मात्र घरी काडतुसे भरण्याचा हा मार्ग मोकळा नाही, आणि या लेखावरून कोणी तसा उद्योग आरंभू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. शिवाय छात्रसेनेत व नेमबाजीच्या केंद्रांवर जे ०.२२ इंची काडतूस चालते, ते घरी भरता येण्यासारखेच नसते. त्याला वेगळी टोपी नाही; पेट घेणारा मसाला नळकांडीच्या बुडाच्या काठातच भरलेला असतो, आणि घोडा पडला की तो काठ कायमचा चेपतो. १८८७ पासून चालत आलेले हे काडतूस एकदा उडाले की संपले. तेव्हा आमच्या पुतण्यासारख्याने काय करावे?

त्याने निवडावे. कारखान्यातून एका वेळी, एकाच मसाल्याने व एकाच यंत्रावर निघालेल्या काडतुसांच्या समूहास क्रमांक दिलेला असतो. त्याला ‘लॉट’ म्हणतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटांत रायफल निराळी वागते. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन इंग्लंडातील ईली किंवा फिनलंडातील लापुआ यांसारख्या कंपन्यांच्या परीक्षागृहांत जातात. तेथे रायफल शिकंज्यात घट्ट पकडून एकामागून एक लॉटांचे घोस काढले जातात आणि सर्वांत लहान घोसाचा लॉट वर्षभरासाठी विकत घेतला जातो. दारू आपण तोलावयाची नाही. ज्यांनी तोलली त्यांच्यातून आपल्या रायफलीला मानवेल असा निवडावयाचा. वधूवरांच्या पत्रिका जुळविण्याहून यात अधिक प्रत्यक्ष पुरावा असतो, असे आमचे नम्र मत आहे.

या निवडीची किंमत किती, ते अंकांतच पाहावे. पन्नास मीटरांवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी ४० ग्रेनांची, म्हणजे सुमारे दोन मासे पाच गुंजांची, आणि वेग सेकंदाला ३२५ मीटरांच्या आसपास. आवाजाच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवलेला, कारण त्या सीमेजवळून जाताना गोळी डळमळते. लक्ष्यापर्यंत पोचेतो ती सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते. आता दुसरी गोळी सेकंदाला दहाच मीटर हळू निघाली, तर ती आणखी सात मिलिमीटर खाली पडेल. नेमबाजाचा हात, डोळा व श्वास तिळभर न हलताही दहाचा नऊ होऊ शकेल!

अशा सात मिलिमीटरांशी झुंज घेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकीस खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळविले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळविलेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुसाळे यांच्या मार्गदर्शिका दीपाली देशपांडे या स्वतः ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. ज्या घरांतून मुलींच्या हाती शस्त्र कशाला असा प्रश्न अद्यापि निघतो, तेथे ही नावे अवश्य वाचून दाखवावी.

आता पुन्हा अहमदपुराकडे. ०.२२ इंची काडतूस रानडुकरासाठी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याने ते मरावयाचे नाही, जखमी मात्र होईल. काळवीट तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पीक खातो म्हणून त्याच्यावर शस्त्र उचलता येत नाही. रानडूक्कर व रोही दुसऱ्या अनुसूचीत. त्यांच्याबाबत उभ्या पिकाच्या रक्षणार्थ अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. पण लहान काडतुसाने जे शिकविले, ते काकांच्या दुनळीलाही तितकेच लागू आहे. बारा बोरच्या छर्ऱ्यांचा पसाराही कागदावर पाहता येतो, आणि तोही पाकिटागणिक वेगळा असतो.

उष्णतेचाही विचार हवा. दारू तापली म्हणजे अधिक जोराने जळते व दाब वाढतो. आमच्या पठारावर वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि पौषात पहाटे अंग काकडते. मार्गशीर्षात पारखलेले काडतूस वैशाखात त्याच ठिकाणी पडेल असे मानणे चूक. दीर्घकाळ उष्णतेत ठेवलेली दारू तर नासतेच. चुलीमागच्या त्या कोनाड्याचा अर्थ आम्हांस येथे कळला. आणि जमीन पाहावी, तर बेसाल्टाचा काळा दगड जागोजाग उघडा पडलेला. त्यावरून उसळलेली गोळी कोणीकडे जाईल ते सांगवत नाही. ०.२२ ची चिमुकली गोळीदेखील मैलभर जाऊ शकते, आणि मैलभराच्या आत कोठे वाडी, कोठे तांडा, कोठे रात्री पाणी देणारा मनुष्य असतोच.

काकांनी डब्यातली जुनी काडतुसे पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली. त्या पावसाळ्यानंतर तुरीभोवती सौर कुंपण घातले. डुकरे अजून येतात, पण पूर्वीइतकी नाहीत. बंदूक खुंटीवरच आहे.

पुतण्या शिक्षणासाठी पुण्यास गेला आणि बालेवाडीच्या केंद्रात सराव करू लागला. मागल्या खेपेस तो घरी आला तेव्हा त्याने एक वही व लक्ष्याचे काही कागद आणले होते. वहीत प्रत्येक लॉटचा क्रमांक, तारीख, हवेचे मान, वारा व घोसाचे माप सुवाच्य अक्षरांत लिहिलेले. काकांनी चष्मा पुसला, सोनाराकडून मागून आणलेले भिंग काढले आणि एक कागद खिडकीपाशी नेला.

“छान आहे रे,” ते म्हणाले. “एका रुपयाच्या नाण्याखाली सगळी झाकतील. पण ही नऊच दिसतात.”

“दहावी इकडे आहे, काका,” असे म्हणून त्याने कागदाच्या पांढऱ्या भागात, अगदी बाहेर पडलेले एक छिद्र दाखविले. त्याच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले होते, ‘हीही धरली.’

काकांनी ते दोनदा वाचले, फूटपट्टी मागविली, आणि त्या दूरच्या छिद्रापासूनच माप घ्यावयास आरंभ केला.